प्रयोजन : पीकसंरक्षण

निवडणूक लागली की हिला
जुन्या चादरीत गुंडाळून
रबाळ्याच्या ठाण्यात जमा करायची.
रिक्षावाला विचारतो, क्रिकेटचं किट का?
मी हो म्हणतो.
एवढं एकच खोटं तिनं मला शिकवलं.

पॉइंट टू टू. एकबारी.
मागची घुंडी अंगठ्यानं ओढावी, तेव्हा जागी होते.
नळीवर कंपनीचा छाप : तीन बंदुका
एकमेकींना टेकून उभ्या.
लहानपणी मला त्या
खळ्यावर उभ्या केलेल्या पेंढ्या वाटायच्या.

ताहेरअलीनं दुकानात तिघी मांडल्या होत्या म्हणे.
एक झेक, पोटात पाच गोळ्यांचा खिसा,
लाकडाला पॉलिश असं की आबांना त्यात स्वतःची मिशी दिसली.
एक अमेरिकन,
नळकांड्यात मणी ओवावेत तशा तिच्यात गोळ्या सरकवायच्या.
आणि ही, बर्मिंगहॅमची,
दस्त्यावर लांब ओरखडा, कुणाचा ते कळलं नाही.
तीन खंडी भात विकून आलेले पैसे
आबा धोतराच्या गाठीतून सोडत म्हणाले,
"हीच दे. यकच गोली आसली का मानूस दम धरतो."

घणसोलीच्या खाजणात
आमचा वैरी वाघ नव्हता, डुक्करही नव्हतं.
हातभर लांब, केसाळ, पावलं ओली :
घूस.
बांधात एक बीळ, उधाणाची एक रात्र,
आणि पहाटे शेतात खाडी उभी.
मग तीन वर्षं मीठच कापायचं.
आबा उघाडीच्या दगडावर पालथे पडून राहत,
मी त्यांच्या पायाशी, बॅटरीवर हात दाबून.
"आता."
उजेड. दोन लाल ठिपके. चट् —
वाळलेली शेंग फुटावी एवढाच आवाज.
पलीकडच्या पाणथळीतले बगळेसुद्धा उठायचे नाहीत.
ससा त्यांनी एकदा मारला होता, कायदा यायच्या आधी.
त्याविषयी बोलायचे नाहीत.

हिच्या काडतुसाला मधोमध टिकली नसते.
घोड्याचा ठोका कडेवर बसतो,
पितळेच्या दुमडीत लपलेला चिमूटभर मसाला
आधी पेटतो, मग सगळं.
कड चेपलेली पुंगळी अजून गरम असताना
मी ओठांना लावून शिट्टी वाजवायचो.
तोंडात गंधकाची चव घेऊन शाळेत जायचो.
गुरुजींनी एकदा विचारलं, विडी ओढतोस काय रे?

आता ठाण्यात रजिस्टर उघडतं.
संयोगिता नावाची नवी शिपाई,
नखांना मेंदी, परवान्यावरून बोट फिरवते :
पदू पोशा मढवी, मयत. वारस अमुक.
हत्यार अमुक. नंबर.
प्रयोजन —
ती थांबते.
"कुठलं पीक, काका?"

खिडकीतून टॉवरचे मजले दिसतात.
त्यातल्या एकाच्या पार्किंगखाली
आमची वरची खाचरं आहेत.
मी म्हणतो, "राता.
तांबडा भात. खाऱ्या पाण्यात तगतो."
ती मान वर करत नाही.
लिहिते : भात.
अक्षर सुरेख आहे पोरीचं.

पंखा फिरतो. ती घुंडी ओढून बघते,
रिकामी आहे याची खात्री करून
दस्त्याला सुतळीनं चिठ्ठी बांधते.
मी सांगतो, खोबरेल नको हो लावू,
शिलाई मशीनचं तेल लागतं तिला.
"बरं," ती म्हणते,
जशी कुणाच्या म्हाताऱ्या आईची गोळ्यांची वेळ
ऐकून घ्यावी.

रात्री दहाला कचरा टाकायला उतरलो.
सोसायटीच्या कंपाउंडखाली
ताजी माती उकरलेली.
आणि तिथेच, दिव्याच्या खांबापाशी, ती.
इडलीचा तुकडा दोन हातांत धरून,
ओली, गलेलठ्ठ, मुळीच घाबरलेली नाही.
मी अर्धा श्वास सोडला.
उरलेला धरला.
खिशात पोलिसांच्या पावतीभोवती
बोट हळूच दुमडत गेलं.

तिनं तुकडा संपवला.
मग मीच आधी हललो.